लांबचा आधी, जवळचा शेवटी

आधीच सांगतो, मी भुताखेतांवाला माणूस नाही. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली. त्यातले काही महिने एका मिलिटरी हॉस्पिटलच्या शवागारावर पहारा होता... आत मढी आणि दाराशी मी, मांडीवर डबा उघडून निवांत जेवायचो. आमच्या मळ्यात मुंज्याचा म्हणून एक पिंपळ होता. सुट्टीवर आलो की त्याच्याच खाली खाट टाकायचो. म्हातारी माणसं ओरडायची, तर म्हणायचो, मुंज्याला दुसरा काय उद्योग नाही का? या पानावरचे अनुभवही मी आजवर बायकोला मोठ्यानं वाचून दाखवले ते हसण्यासाठी. आता मीच लिहायला बसलोय. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

मी सर्जेराव, निवृत्त सुभेदार मेजर. राहायला सांगलीत, विश्रामबागला. जे घडलं ते सातारा जिल्ह्यात, कराडच्या पुढं हायवे सोडून आत गेलं की एक उघडा माळ लागतो तिथं. त्या माळावर नऊ होलचं गोल्फचं मैदान आहे. गोल्फ म्हटलं की लोकांना टीव्हीवरची हिरवीगार गादी आठवते. आमच्याकडे तसलं काही नाही. प्यायला पाणी नाही तिथं हिरवळ कुठली? भोकाभोवतीची गुळगुळीत जागा आमच्याकडे वाळूत जळकं तेल कालवून केलेली असते. काळपट दिसते, तिला ब्राऊन म्हणतात. त्यावर पावलं उठतात. म्हणून फटक्याआधी कॅडी, म्हणजे खेळणाऱ्यांची पिशवी उचलणारी बाई, लाकडी फळी ओढून चेंडूपासून भोकापर्यंत वाट सपाट करून देते. क्लबचं नाव सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

दिनकर आष्ट्याचा. माझा जोडीदार. एका दिवशी भरती झालो, एकाच पलटणीत राहिलो. एकदा वरच्या पोस्टवरून उतरताना माझा पाय मोडला, तेव्हा हा पठ्ठ्या मला पाठीवर घेऊन बर्फातून खाली आला. वाटेत मी आईबहिणीवरून सगळ्या जगाला शिव्या घातल्या. तो एक शब्द बोलला नाही. माणूसच तसा, मुलखाचा अबोल. वडील गेल्याची तार आली तेव्हाही रडला नाही. तोंड मिटून, नाकातून एक आवाज काढला फक्त... "हंऽऽ" असा. दाबून धरलेलं कण्हणं. मी शेजारच्या खाटेवर होतो म्हणून ऐकलं.

गोल्फ आम्ही दोघं फौजेतच शिकलो, साहेबलोकांच्या पिशव्या उचलता उचलता. निवृत्तीनंतर दर रविवारी मी पहाटे विश्रामबागेतून गाडी काढायचो, आष्ट्याला त्याला घ्यायचो, आणि ऊन चढायच्या आत आम्ही माळावर. सुमनवहिनी — दिनकरची बायको — डब्यात धपाटी द्यायच्या. दोघांची मिळून सहा. चार दिनकर खायचा.

या खेळाच्या दोन रीती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एक — दुसरा फटका मारत असताना बाकीच्यांनी हलायचं नाही, बोलायचं नाही. खोकलासुद्धा गिळायचा. दुसरी — ब्राऊनवर आल्यावर ज्याचा चेंडू भोकापासून सगळ्यात लांब, त्यानं आधी मारायचं. लांबचा आधी, जवळचा शेवटी. आपली बारी येईपर्यंत गप्प उभं राहायचं. दिनकरनं या रीती परेडसारख्या अंगात भिनवल्या होत्या. कुणी फटक्याच्या वेळी कुजबुजलं तर तो बोलायचा नाही, नुसता बघायचा. तेवढ्यानं माणूस गार व्हायचा.

आमच्याबरोबर खेळायचे विलासराव. सातारचे, खतांची एजन्सी, आणि क्लबचे कॅप्टन. कॅप्टन म्हणजे फक्त क्लबचे हं! आयुष्यात एनसीसीचा बूट पायात घातला नव्हता, पण गाडीच्या मागच्या काचेवर 'कॅप्टन' झळकायचं. मला 'मेजर' म्हणायचे ते अशा थाटात की जणू मी यांच्या हाताखाली होतो. क्लबच्या वार्षिक चषकासाठी हा माणूस चार वर्षं जीव टाकत होता आणि दर वेळी दुसरा यायचा. पहिला दिनकर.

मागल्या वर्षीची गोष्ट. स्पर्धेचा शेवटचा रविवार, आमच्या तिघांचा ग्रुप. सहा होल झाले तेव्हा दिनकर विलासरावांपेक्षा एका फटक्यानं पुढं होता. सातवा होल ओढ्यापलीकडे, चढावर. दिनकरनं अलीकडून असा चेंडू उचलला की तो ओढ्यावरून जाऊन भोकापासून दीड वितीवर थांबला. आमच्या तिघांची मिळून एकच कॅडी, फुलाबाई. पन्नाशीची बाई, आटपाडीकडची, माहेरी-सासरी सगळी मेंढरं राखणारी. तिनं भर मैदानात टाळी वाजवली. विलासरावांचं तोंड कडू झालं.

ओढ्यातून चढताना दिनकर मागं पडला. वर आला तेव्हा शर्ट घामानं भिजलेला. ब्राऊनच्या कडेला तो खाली बसला.

"सर्जा, जरा टेकतो रं."

"काय होतंय?"

"छातीत भरल्यागत वाटतंय. मारा तुमी."

फुलाबाई फळी टाकून त्याच्याकडे धावली. "आवं सायेब, ह्यांचा रंग बगा की! गाडी आना आदी!"

विलासरावांनी ओठावर बोट ठेवलं. "श्श्! गप्प! पित्त असंल त्यांना. मागं ग्रुप खोळंबलाय, एवढं मारून घेऊ आन् मग बघू." आणि ते चेंडूमागे जाऊन बसले.

त्यांचा चेंडू सगळ्यात लांब. माझा मधला, आठेक फुटांवर. दिनकरचा दीड वितीवर, म्हणजे त्याची बारी शेवटची.

विलासराव उठले, भोकाच्या पलीकडून बघितलं, पुन्हा अलीकडून बघितलं. फुलाबाईला हातानं खूण केली, वाट ओढ म्हणून. तिनं ओढली. मग दोन वेळा पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी, हवेत हलवला. मारला. चुकला, भोकाच्या पुढं गेला. मी दिनकरकडे बघितलं. तो मान खाली घालून बसलेला. आवाज नाही, काही नाही. मला वाटलं, बरं वाटतंय वाटतं गड्याला.

मग माझी बारी. आणि मी मारला.

हे वाक्य मी वर्षभर कुणासमोर बोललो नाही, म्हणून इथं वेगळं लिहितोय. मी मारला. चेंडू भोकात गेला. आणि खोटं कशाला बोलू... क्षणभर मला आनंद झाला.

मग विलासरावांनी उरलेला मारला, पुन्हा तेवढाच वेळ घेऊन. सगळं मिळून चार मिनिटं गेली असतील. मग ते वळून म्हणाले, "हां, दिनकरराव, तुमची बारी."

दिनकर उठला नाही. मी खांद्याला हात लावला तर तो माझ्या अंगावर कलंडला. डोळे उघडे, आपल्या चेंडूकडे लागलेले. खालचा ओठ दातांत धरलेला आणि त्यातून रक्त आलेलं. तेव्हा मला कळलं की हा माणूस गप्प का होता. आम्ही फटके मारत होतो ना! आमचा फटका बिघडू नये म्हणून त्यानं कण्हणं दातांत धरलं होतं. मरता मरता रीत पाळली त्यानं... आणि आम्ही दोघं भोकात चेंडू घालत होतो.

मी आणि फुलाबाईनं त्याला उचललं, मागच्या ग्रुपनं हात लावला. कराडच्या हॉस्पिटलपर्यंत त्याचं डोकं फुलाबाईच्या मांडीवर. डॉक्टरांनी तपासून मान हलवली. कधी सुरू झालं होतं विचारलं, तर मी म्हणालो, आत्ताच.

संध्याकाळी आष्ट्याला वहिनींसमोर उभा राहिलो. म्हणालो, "वहिनी, बसला आणि गेला. आम्ही लगेच उचललं. दोन मिनिटंसुद्धा दवडली नाहीत."

त्यांनी पुन्हा विचारलं, "लगेच उचललंत?"

"लगेच."

आणि विलासराव? ते हॉस्पिटलला आलेच नाहीत. आमची गाडी हायवेला लागली असेल नसेल, हे गृहस्थ मागच्या ग्रुपबरोबर आठवा आणि नववा होल पुरा करून आले. फटक्यांच्या कार्डावर सही घेतली. दिनकरचा खेळ अपुरा, म्हणून तो बाद. चषक कॅप्टनला! कुणी तरी चाचरत विचारलं म्हणे, की हे बरं दिसतं का, तर उत्तर तयार — "जोडीदार वारला तर खेळ थांबवायचा असं नियमात कुठं लिवलंय, दाखवा. आणि दिनकररावांनाच आवडलं असतं." मेलेल्या माणसाला काय आवडलं असतं हे सांगणाऱ्यांची एक जातच असते. त्यांना नेहमी स्वतःच्या सोयीचंच ऐकू येतं.

महिन्यानं बक्षीस समारंभ झाला. आधी दोन मिनिटं मौन, मग चषक, मग बटाटेवडे. मी विलासरावांना कोपऱ्यात गाठलं. म्हणालो, "लाज वाटते का? सगळ्यांसमोर सांगतो तुम्ही काय केलंत ते."

ते हसले. वडा हातात तसाच. "सांगा की मेजर. पण तुमीबी मारलावतात की! तेबी सांगा. वयनींना सांगितलंय का?"

मी वडा खाली ठेवला आणि घरी आलो. त्या दिवशी त्या माणसाचा जो राग आला तो आयुष्यात शत्रूचाही आला नव्हता. फौजेत समोरच्याचं निदान तोंड दिसत नाही.

खेळायला जाणार नव्हतो. पण पुढच्या महिन्यात एका रविवारी गेलो. का ते नीट सांगता येत नाही. बाजूची सीट रिकामी, डबा नाही. पहिल्याच ब्राऊनवर विलासरावांनी पवित्रा घेतला. पटर मागं नेला... आणि आवाज आला.

"हंऽऽ."

तोंड मिटून, नाकातून. आमच्या मागून, तीनेक पावलांवरून.

फटका भलतीकडे गेला. विलासराव गर्रकन वळले. "मेजर! खोकायचं आसंल तर लांब जावा!"

मी खोकलो नव्हतो. मागं मोकळा माळ, कुत्रंसुद्धा नव्हतं. फुलाबाईकडे बघितलं, तिच्या हातातून फळी सुटली होती. आमच्याबरोबर त्या दिवशी एक बँकेतले गृहस्थ होते, ते म्हणाले, "कोण खोकलं? मला तर काहीच ऐकू आलं नाही."

वाऱ्याचा आवाज असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या ब्राऊनवरही तेच झालं. तिसऱ्यावरही. विलासरावांचा पटर मागं गेला की आवाज. माझ्या वेळी नाही, त्या बँकवाल्यांच्या वेळी नाही. फक्त विलासरावांच्या. आणि ऐकू कुणाला, तर त्यांना, मला आणि फुलाबाईला. दिनकर गेला त्या दिवशी सातव्या होलवर होतो त्या तिघांना.

मी शास्त्र शोधायचा प्रयत्न केला. कान तपासून घेतले, मिरजेच्या डॉक्टरांनी ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं. मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. त्यात वारा, टिटवी आणि विलासरावांच्या शिव्या. बाकी काही नाही.

आता खरं ते सांगतो, कुणाला आवडो न आवडो. मला भीती वाटली नाही. मला बरं वाटलं! दिनकरनं जे दातांत धरलं होतं ते तो आता एकेक करून या माणसाच्या फटक्यावर सोडत होता, आणि मी ते बघायला मुद्दाम विलासरावांच्याच ग्रुपात नाव घालायला लागलो. ते घामाघूम व्हायचे, पटर बदलायचे, कानात कापूस घालून यायचे. पटर एकदा गुडघ्यावर आपटून वाकवला. मी आपला सभ्यपणानं म्हणायचो, "शांत डोक्यानं मारा कॅप्टन, घाई नाही." माझ्या वेळी आवाज येत नाही याचा अर्थही मी काढून ठेवला होता... दिनकरनं मला माफ केलंय. जुना जोडीदार आहे, त्याला कळतं, असं.

फुलाबाईला एकदा म्हणालोसुद्धा, "बघ, बरोबर माणूस धरलाय त्यानं."

ती वाट ओढत होती. मान वर न करता म्हणाली, "व्हय. आजून त्येंचंच चाललंय."

तिच्या बोलण्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

वर्ष झालं. पुन्हा स्पर्धा, पुन्हा शेवटचा रविवार. विलासराव यादीत कुठल्या कुठं खाली गेले होते, पण नाव घातलं होतं, आणि मी नेहमीप्रमाणे त्यांच्याच ग्रुपात. तिसरे ते बँकवाले. सातव्या होलवर आलो. बँकवाल्यांचा चेंडू ओढ्यात गेला, ते म्हणाले मी या होलवर बाद. राहिलो दोघं. विलासरावांचा चेंडू लांब. माझा आठेक फुटांवर. मी जागा बघितली आणि अंगावर काटा आला, कारण मागल्या वर्षी दोन्ही चेंडू इथंच होते.

विलासरावांनी कानातला कापूस दाबला. पटर मागं नेला.

"हंऽऽऽऽ..."

या वेळी तो थांबला नाही. लांबत गेला, दम न घेता. ब्राऊनच्या कडेकडून येत होता, दिनकर बसला होता तिथून. विलासराव तिकडे वळले. ओठावर बोट ठेवलं आणि ओरडले, "श्श्! गप्प! गप्प बस म्हनतो ना!"

तिसऱ्यांदा 'गप्प' म्हणायला तोंड उघडलं आणि ते वाकडं झालं. बोट ओठावरून घसरलं. गुडघ्यावर आले आणि आडवे झाले. त्याच क्षणी तो आवाज बंद पडला.

या वेळी मी एक सेकंद दवडला नाही. राग बाजूला ठेवून उचललं, कराडला नेलं. तिथून त्यांच्या मुलीनं मिरजेला हलवलं, जावई तिथंच असतो. अर्धांगवायू. मेंदूत रक्ताची गाठ अडकली, उजवी बाजू गेली, वाचा गेली. वय, रक्तदाब, वर्षभराचा ताण... डॉक्टरांकडे सगळ्याचं उत्तर होतं. आणि हो, या वेळी क्लबला रीत आठवली! कॅप्टन पडले म्हणून स्पर्धा रद्द, सातवा होल दोन आठवडे बंद.

दहाएक दिवसांनी मी मिरजेला भेटायला गेलो. खरं सांगायचं तर बघायला गेलो. मनात होतं की डोळे भरून बघावं आणि दिनकरला मनातल्या मनात सॅल्यूट ठोकावा. विलासराव उशांना टेकून बसले होते. मला बघून डोळे मोठे झाले. काही तरी सांगायचं होतं त्यांना. डावा हात माझ्याकडे करून, मिटल्या तोंडानं, जीव एकवटून त्यांनी आवाज काढला.

"हंऽऽ."

मुलगी म्हणाली, "काका, एवढा एकच आवाज येतोय त्यांना. बाकी काही उमटत नाही." मी आणलेल्या मोसंब्या टेबलावर ठेवल्या आणि जिना उतरलो. सॅल्यूट ठोकायचा राहून गेला.

त्या रविवारी माळावर गेलो ते माझी पिशवी आणायला. सामान तिथंच पडलं होतं. सकाळचे पावणेनऊ असतील. फुलाबाई सातव्या ब्राऊनच्या कडेला बसली होती.

"सायेब, तुमचा चेंडू हाय तसाच हाय. दोन आटवडं कुनाला हात लावू दिला न्हाई."

"उचलायचा की मग."

"मी कशी उचलू?" ती उठली, फळी घेतली, आणि माझ्या चेंडूपासून भोकापर्यंत सरळ वाट ओढून दिली. मग बाजूला झाली. "लांबचा झाला सायेब. आता मदला."

त्या क्षणी मला तिचं ते 'आजून त्येंचंच चाललंय' आठवलं. माफी कसली आणि काय! दिनकर आयुष्यात रीत सोडून वागला नाही, मेल्यावर काय सोडणार? लांबच्याची बारी चालू असताना मधल्यानं गप्प उभं राहायचं असतं. मी वर्षभर गप्प उभा होतो, आणि त्याला मी माफी समजत होतो.

तरी पटर हातात घेतला. का घेतला, माहीत नाही. हात मागं नेला.

"हंऽऽ."

माझ्या मागं. इतक्या जवळ, की मानेला ऊब लागली.

मी पटर टाकला, चेंडू खिशात घातला, आणि गाडी सरळ आष्ट्याला आणली. रस्ता कसा गेला ते आठवत नाही.

वहिनी सोप्यात हुलगे निवडत बसल्या होत्या. "या भावजी," म्हणाल्या. मी बसलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. विलासरावांनी काय केलं ते, आणि मग मी काय केलं ते. चार मिनिटं. माझा फटका. आनंद झाला तेही. ओठातलं रक्तही. सांगताना मी रडलो, ते सांगायला लाज नाही वाटत. त्यांचा हात सुपात चालूच होता.

मी थांबल्यावर म्हणाल्या, "ठावं हाय मला. फुलाबाई त्येंच्या दिवसाला आलीवती. तवाच सांगून गेली."

"मग... वर्षभर मला काही बोलला नाहीत?"

"तुमी कवा सांगतायसा ते बगत हुते." सुपातला एक खडा उचलून त्यांनी बाजूला टाकला. "रोज सकाळी दिवा लावते. हात जोडून म्हनायचे, ज्यानं माज्या मान्साला गप्प बसिवलं, त्येची वाचा जाऊ दे. नाव घिऊन म्हनायचे. एक दीस खाडा केला न्हाई. गेली न्हवं वाचा? मिरजंस्नं कळलं मला."

"वहिनी..."

"तुमचं नाव घेत न्हव्हते. तुमी यिऊन तोंडानं सांगितलंत तर सोडायचं, न्हाई तर त्येचं झाल्यावर तुमचं घ्यायचं, आसं ठरिवलंवतं."

त्या आवाजाबद्दल मी त्यांना अवाक्षर बोललो नव्हतो, तेव्हाही नाही आणि आजपर्यंतही नाही. फुलाबाईला विचारलं, तीही शपथेवर सांगते, की दिवसाला गेली तेव्हा आवाज सुरूच झाला नव्हता आणि नंतर ती आष्ट्याला गेली नाही.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "बसा आता. ते जेवडा येळ बसलं तेवडा येळ. बोलायचं न्हाई. हलायचं न्हाई."

मी जमिनीवर बसलो.

तुम्ही कधी घड्याळ लावून चार मिनिटं गप्प बसून बघा. मला वाटलं होतं, त्यात काय, पहाऱ्यावर तासन् तास उभा राहिलेला माणूस आहे मी. पहिल्या मिनिटात गुडघ्यात कळ यायला लागली. दुसऱ्यात घशात खवखव सुरू झाली. तिसऱ्यात उबळ अशी दाटून आली की डोळ्यांतून पाणी काढलं, ती गिळली. माझ्या छातीत काही नव्हतं, मी धडधाकट होतो, आणि तरी मला ओठ दातांत धरावा लागला. त्याच्या छातीत काय होतं? आणि त्याला समोर कोण दिसत होतं... ज्याला पाठीवर घेऊन बर्फ उतरला तो मी, पवित्रा घेऊन, भोकाकडे बघत.

"उटा," वहिनी म्हणाल्या. "जावा आता."

चाळीस वर्षांत त्या घरातून मी पहिल्यांदा चहा न घेता बाहेर पडलो. त्यांनी विचारला नाही, आणि माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर मी पटर हातात धरलेला नाही. दर रविवारी सकाळी पावणेनऊला घरीच खुर्चीत बसतो, चार मिनिटं, गप्प. बायकोला वाटतं मी ध्यान करायला लागलो. आवाज पुन्हा आलेला नाही. तिघांनाच का ऐकू यायचा, रेकॉर्डिंगमध्ये का आला नाही, विलासरावांच्या तोंडात तोच कसा उरला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. इथल्या जाणकारांपैकी कुणाकडे असेल तर सांगा, मी हसणार नाही.

एक गोष्ट मात्र मीच वहिनींना विचारू शकतो आणि विचारत नाही, की त्या सकाळी दिव्यापुढं नाव कुणाचं घेतलं होतं. त्या रविवारी मी आष्ट्याला पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. वहिनी दिवा लावतात सकाळी आठला. आणि तो आवाज माझ्या मानेशी आला तेव्हा पावणेनऊ झाले होते.